मुंबईत फिल्म-टीव्ही प्रॉडक्शन शिकायचंय? अ‍ॅडमिशनपासून पहिल्या सेटपर्यंत

बारावीचा निकाल जवळ आला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते, मुलीला फिल्म लाइनला जायचंय, कॉलेज कुठलं बरं, फी किती, पुढे काम मिळतं का, आणि त्यात हमखास एक प्रश्न असतो की कॅमेरा कुठला घेऊन देऊ. कॅमेरा आत्ता नका घेऊ. बाकीचं सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी स्वतः हेच शिकून आता मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये काम करते, आणि मुंबईत राहणाऱ्या मुलांच्या हाताशी जेवढं आहे तेवढं देशात फार कमी ठिकाणी असेल, तरी कित्येक मुलं तीन वर्षं नुसती लेक्चरं आणि असाइनमेंट करून बाहेर पडतात आणि दाखवायला एकही पूर्ण झालेली फिल्म नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी कोर्स कुठल्या प्रकारचा ते ठरवा

पहिला रस्ता बारावीनंतर लगेच मुंबई विद्यापीठाच्या डिग्रीचा. इथे एक गल्लत कायम होते. आपण ज्याला अजून बीएमएम (मास मीडियाची डिग्री) म्हणतो तो कोर्स २०१९ पासून बीएएमएमसी झालाय, आणि तो मुळात जर्नलिझम आणि अ‍ॅडव्हर्टायझिंगचा कोर्स आहे, फिल्म त्यात येते पण थोडीशी. खास प्रॉडक्शनचा कोर्स वेगळा आहे, त्याचं नाव बीए इन फिल्म, टेलिव्हिजन अँड न्यू मीडिया प्रॉडक्शन, आणि तो मोजक्याच कॉलेजांत मिळतो, पार्ल्याचं उषा प्रवीण गांधी कॉलेज त्यातलं एक. फॉर्म भरताना कोर्सचं नाव पूर्ण वाचा, 'मीडिया' शब्द दिसला म्हणून टिक करू नका.

दुसरा रस्ता आधी कुठलीही डिग्री आणि मग डिप्लोमा किंवा मास्टर्स. झेवियर्सच्या आवारातलं झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ पासून आहे, तिथे फिल्म आणि टीव्हीचा कोर्स आहे. सोफियात मुलींसाठी सोशल कम्युनिकेशन्स मीडियाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तो दमवून टाकतो पण हात तयार करतो. डॉक्युमेंटरीची ओढ असेल तर देवनारच्या टिसमधलं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मीडिया अँड कल्चरल स्टडीज बघा. आणि अर्थात पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट), १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली, तिच्या तीन वर्षांच्या मुख्य कोर्सना ग्रॅज्युएशन लागतं पण बहुतेक कोर्सना ते कुठल्याही शाखेचं चालतं. म्हणजे मुलगा बीकॉमला आहे तर आता गाडी चुकली असं काही नाही.

तिसरा रस्ता खाजगी इन्स्टिट्यूटचा. गोरेगावच्या चित्रनगरीत २००६ पासून व्हिसलिंग वूड्स आहे, बाकीही बऱ्याच आहेत, सोयी चांगल्या असतात पण फी लाखांमध्ये जाते.

माझं मत विचाराल तर घरची परिस्थिती बेताची असेल तर कर्ज काढून तिसऱ्या रस्त्याला जायची घाई करू नका. रुईया, रुपारेल, कीर्ती, डहाणूकर अशा जिथे एकांकिकेचा ग्रुप जोरात असतो तिथे साधं बीए-बीकॉम करा, सोबत स्वतःच्या छोट्या फिल्म करा आणि मग एफटीआयआय किंवा झेवियरची एंट्रन्स द्या. एकांकिकेत महिनाभर रात्री तालमी, सेट टेम्पोत चढवणं, मिळालेल्या तेवढ्याच वेळात लाइट लावणं, ठरलेल्या मिनिटांत प्रयोग संपवणं, हे सगळं प्रॉडक्शनच आहे आणि ते फुकटात शिकायला मिळतं. मराठी मालिकांमधले कितीतरी लेखक-दिग्दर्शक याच वाटेने आलेत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

स्टुडिओ दाखवतील, मोठा कॅमेरा दाखवतील, ते बघाच, पण नंतर कँटीनमध्ये जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. त्यांना विचारा की तीन वर्षांत एका विद्यार्थ्याच्या नावावर किती फिल्म पूर्ण होतात आणि त्यात त्याचं काम काय असतं. इक्विपमेंट रूमची चावी कोणाकडे असते, कॅमेरा किती दिवस आधी बुक करावा लागतो, रविवारी एडिट लॅब उघडी असते का. शिकवायला येणाऱ्यांपैकी सध्या सेटवर काम करणारे किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साउंड कोण शिकवतं. गेल्या बॅचच्या फिल्म मागून घ्या, फक्त बक्षीस मिळालेली नको, साधी वर्गातली कुठलीही, आणि हेडफोन लावून ऐका. संवाद स्वच्छ ऐकू येत असतील तर त्या कॉलेजात शिकवतात असं समजायला हरकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. विद्यापीठाच्या साइटवर प्री-अ‍ॅडमिशनची नोंदणी करावी लागते आणि कॉलेजचा फॉर्म वेगळा असतो, दोन्ही करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर जे लागणार असेल ते एप्रिल-मे मध्येच सेतू केंद्रातून काढून ठेवा, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते. स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून भरायची असते पण तुमचा कोर्स तिथे बसतो का हे अ‍ॅडमिशन घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारा, सेल्फ-फायनान्स कोर्सच्या बाबतीत तर नक्कीच.

पहिली सेमिस्टर

वर्गात साठ जण असले तर पंचावन्न जणांना डायरेक्टर व्हायचं असतं. असू दे, पण पहिल्या वर्षी प्रत्येक फिल्मवर वेगळं काम घ्या, एकदा साउंड, एकदा असिस्टंट, एकदा प्रॉडक्शन, एकदा एडिट. जो मुलगा बूम (लांब दांड्यावरचा माइक) नीट धरतो आणि वेळेवर येतो त्याला सगळे बोलावतात, आणि बोलावणं आलं की शिकायला मिळतं, मग त्याची स्वतःची फिल्म असते तेव्हा मदतीलाही सगळे येतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी लेक्चरला घाबरू नका, दोन-तीन महिन्यांत कान बसतो. उलट तुमच्याकडे एक गोष्ट आहे ती धारदार करा, देवनागरी टायपिंग. मराठी मालिकेचे सीन देवनागरीतच येतात, आणि भराभर वाचणारा, टाइप करणारा, संवादातली चूक पकडणारा असिस्टंट युनिटला हवाच असतो.

फिल्म बघण्यासाठी फक्त फोनवर अवलंबून राहू नका. प्रभात चित्र मंडळ ही आपल्या मुंबईतली फिल्म सोसायटी १९६८ पासून चालू आहे, तिची मेंबरशिप घ्या. पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं, जुने कॅमेरे आणि एडिटिंग मशीन तिथे समोर बघायला मिळतात. डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा मिफ महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी मुंबईत होतो, त्या आठवड्यात बाकी सगळं बाजूला ठेवा.

पहिली पाच मिनिटांची फिल्म

आता खरं काम. पहिली फिल्म छोटी ठेवा, दोन माणसं आणि एक जागा. स्क्रिप्ट नीट फॉरमॅटमध्ये लिहिली की एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा हिशेब धरतात. विद्यार्थ्यांच्या युनिटचं दिवसाला तीन-चार पानांच्या वर होत नाही, त्यामुळे पाच पानांना दोन दिवस धरा. खून, स्वप्न, आरशात बघणारा एकटा मुलगा, हे विषय दरवर्षी सगळे करतात. त्यापेक्षा तुमच्या बिल्डिंगमध्ये पाणी येण्याच्या वेळेवरून होणारं भांडण लिहा, त्यात माणसं असतात, घाई असते, आवाज असतात.

रेकीला, म्हणजे शूटची जागा आधी बघायला, जाल तेव्हा ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जा. सकाळी आठला शांत वाटलेली जागा अकराला शाळा सुटल्यावर वेगळीच असते. प्लग पॉइंट कुठे, बाथरूम कुठे, सामान ठेवायचं कुठे, खिडकीतून ऊन किती वाजता येतं, सगळं लिहा. चाळीत असेल तर चाळ कमिटीला, सोसायटी असेल तर सेक्रेटरीला कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र द्या आणि सही घेतलेली कॉपी जवळ ठेवा. रस्त्यावर, चौपाटीवर स्टँड लावून शूट करायचं तर पालिका आणि पोलीस दोघांचा प्रश्न येतो. रेल्वेच्या हद्दीत स्वतंत्र परवानगी लागते, पश्चिम रेल्वेची वेगळी आणि मध्य रेल्वेची वेगळी, आणि स्टेशनवर गुपचूप शूट करण्याच्या भानगडीत पडू नका, सामान जप्त झालं तर ते भाड्याचं असतं. ड्रोनचा तर विचारही मनातून काढा.

कॅमेरा कॉलेजचा नसेल तर अंधेरी-गोरेगावला भाड्याने मिळतो, डिपॉझिट आणि आधारची कॉपी देऊन. दुकानातच सगळं तपासा. बॅटरी किती, चार्जर आहे का, कार्ड चालतंय का, लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) एफ १६ इतकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा शॉट घ्या, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके लगेच दिसतात. बाहेर पडण्याआधी सगळ्या सामानाचा फोनवर एक व्हिडिओ काढून ठेवा. मोठा कॅमेरा घेतला की सोबत अटेंडंट येतो, त्याचं मानधन, प्रवासखर्च आणि जेवण बजेटमध्ये धरा. या अटेंडंट दादांना फक्त सामान सांभाळणारे समजू नका, त्यांनी शेकडो सेट बघितलेले असतात, आदराने विचारलंत तर लेन्स कशी धरायची इथपासून सगळं शिकवतात. सामान लोकलने नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि लगेजचं तिकीट काढून लगेजच्या डब्यात बसा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा वापरा.

कॅमेऱ्याचं एक सेटिंग पहिल्याच दिवशी पाठ करा. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम चालतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून २५ फ्रेम आणि शटर एकाला पन्नास, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. फोन बहुतेक वेळा ३० फ्रेमवर असतो, शटर एकाला साठवर गेलं की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर एडिटमध्ये काढत बसणं फार त्रासाचं असतं.

आवाज, आवाज आणि आवाज

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मुंबईत शिकणाऱ्यांच्या फिल्म चित्रामुळे फार क्वचित पडतात, आवाजामुळे पडतात. समजा दादरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातला सीन आहे, आई आणि मुलगा बोलतायत. आधी पंखा बंद करा. मग फ्रीज बंद करा, आणि घराची चावी फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही, ज्यांचं घर आहे त्यांचं दूध नासलं तर पुढच्या वेळी कोण देणार जागा. शेजारी जाऊन कुकर कधी लावणार विचारा, साधारण अकरा-साडेअकराला सगळ्या मजल्यांवरून शिट्ट्या सुरू होतात, त्या तासात संवादाचे टेक घेऊ नका, हाताचे, भांड्यांचे, विना-आवाजाचे शॉट घ्या. लोकल गेली की थांबा. भंगारवाला ओरडला तर थांबा, 'चालून जाईल' म्हणू नका, कारण एडिटमध्ये एका वाक्यात भंगारवाला आहे आणि पुढच्या वाक्यात नाही असं झालं की कट उघडा पडतो.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, बोलताना लेव्हलचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचला पाहिजे, शून्याला टेकला की आवाज फाटला, तो परत जोडता येत नाही. साउंडवाल्याने हेडफोन कधीही काढायचे नाहीत. लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) लावणार असाल तर कपडा हातात घासून बघा, कडक स्टार्चची साडी किंवा सिल्क असेल तर प्रत्येक हालचालीला खसखस येते, त्याऐवजी साधी सुती चालते. बूम फ्रेमच्या जेमतेम वर, तोंडाच्या दिशेने. आणि सीन संपला की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून एक मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, तिला रूम टोन म्हणतात, एडिटमध्ये दोन टेकमधल्या फटी तिनेच भरल्या जातात. हे मिनिटभर लोक चुळबुळ करतात, जेवणाकडे बघतात, तरी सोडू नका.

शूटच्या दिवशी

आदल्या रात्री आठच्या आत सगळ्यांना कॉल शीट गेली पाहिजे, कोण किती वाजता कुठे, जवळचं स्टेशन कुठलं, सीन कुठल्या क्रमाने, जवळचं हॉस्पिटल कुठलं. नऊचा कॉल असेल तर नऊला सामान उघडलेलं असतं, नऊला कल्याणहून गाडी पकडलेली नसते. जेवण वेळेवर द्या, वडापाववर दिवसभर काम करून घेऊ नका, बजेट तंगीचं असेल तर कुणाच्या तरी घरून पोळी-भाजीचे डबे मागवा, मित्रांच्या आया हौसेने देतात, फक्त दोन दिवस आधी सांगा. मुलींना उशीर होणार असेल तर कोण सोबत जाणार ते सकाळीच ठरलेलं असावं.

कार्ड भरलं की दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करा, क्लिप उघडून शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका, एक बोरिवलीला जाऊ दे, एक ठाण्याला. एडिटसाठी डाव्हिंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन विद्यार्थ्याला पुरून उरतं. पहिला कट वाईटच दिसतो, सगळ्यांचाच दिसतो, तिथे फिल्म सोडून द्यायची नाही. संगीत नेटवरून उचलू नका, कॉपीराइटमुळे फिल्म महोत्सवात अडकते, कॉलेजातल्या हार्मोनियम-तबला वाजवणाऱ्या कुणाला तरी विचारा.

खऱ्या सेटवर

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप करा. चित्रनगरीत सहज कुणाला आत सोडत नाहीत, पण मालिकांचे सेट मढ, नायगाव, ठाण्याला घोडबंदर रोडवरही आहेत, आणि प्राध्यापकांपैकी किंवा सिनियरपैकी कुणीतरी नक्की ओळखीचं निघतं. मालिकेची शिफ्ट १२ तासांची असते, दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी साधारण २२ मिनिटांचा एपिसोड लागतो आणि तो रोज लागतो. पहिल्या आठवड्यात काम कंटिन्युइटीचं मिळेल, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये जुळतंय ना ते बघायचं, कुणाचं मंगळसूत्र पदरावर होतं की आत, चहाचा कप किती भरलेला होता. फोटो काढा आणि सीन नंबरसकट लिहा. एपिसोडचं एडिट बसतं ते याच कामावर, त्यामुळे ते मन लावून करा. स्पॉटदादांना (सेटवर चहापाणी आणि वरकाम बघणाऱ्यांना) नावाने ओळखा. लाइट चालू असताना केबलला हात लावू नका, बंद बूट घाला, चपला नकोत. खिशात पेन, मार्कर, पेपर टेप. कुणी त्रास दिला, नको तसं बोललं, तर गप्प बसू नका, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीची अंतर्गत समिती कॉलेजमध्येही असायला हवी आणि प्रॉडक्शन हाउसमध्येही, आणि इंटर्नलाही तो कायदा लागू होतो.

पैशांचं आधीच स्पष्ट बोला. इंटर्नला बऱ्याचदा फक्त प्रवासखर्च मिळतो. पुढे पगारावर घेतलं तरी टीव्हीत पैसे ९० दिवसांनी येण्याची पद्धत आहे, म्हणजे जूनमध्ये काम केलं तर ते सप्टेंबरात दिसतील, तेवढे महिने घरून आधार लागणार हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर चिडचिड होत नाही. जे ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून घ्या, 'आज आपलं असं बोलणं झालं' एवढं दोन ओळींचं पुरतं. आपली स्क्रिप्ट कुणाला वाचायला देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा, ऑनलाइन होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शोरील, म्हणजे आपल्या कामातल्या निवडक शॉटची छोटी फिल्म, बनवायला घ्या. दोन मिनिटांच्या आत, ज्या कामासाठी अर्ज करताय तेवढंच, एडिटसाठी एडिटचं आणि कॅमेऱ्यासाठी कॅमेऱ्याचं. प्रत्येक शॉटखाली तुम्ही त्यात नेमकं काय केलंत ते मराठीत किंवा इंग्रजीत एका ओळीत लिहा, मित्राने केलेली लाइटिंग स्वतःच्या नावावर लावू नका, या लाइनमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. आणि लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा, परमिशन मागतेय का, आवाज दोन्ही इअरफोनमधून येतोय का.